बोटीच्या मशीनची उंची : चार सुतांचा हिशेब

एक कापड व्यापारी, नशिराबाद (जि. जळगाव)



आमच्या कापडाच्या धंद्यात सूत म्हणजे धागा. सुतार, फिटर आणि लोहार यांच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजचा लेख या दुसऱ्या सुताचा आहे. लहान होडीच्या मागच्या फळीवर जे मशीन लटकवतात, ज्याला आउटबोर्ड मशीन म्हणतात, ते चार सूत वर बसले की चार सूत खाली, यावर होडीचा वेग, तेलाचा खर्च आणि मशीनचे आयुष्य ठरते. चार सूत म्हणजे फक्त अर्धा इंच. पण हा अर्धा इंच रोजच्या रोज खिशातून पैसा काढतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

कुणी विचारील की खानदेशात समुद्र नाही, मग हा विषय कशासाठी? त्याची कारणे तीन. पहिले, या साप्ताहिकाचे पुष्कळ वाचक कोकणपट्टीत आहेत आणि त्यांतील अनेकांची रोजी मासेमारीवर आहे. मच्छीमाराची होडी उभी राहिली की किराणावाल्याची आणि कापडवाल्याची उधारीही उभी राहते. दुसरे, पाणी आपल्याकडेही आहे. भुसावळ तालुक्यात तापीवर ४१ दरवाजांचे हतनूर धरण आहे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा व प्रकाशा येथे तापीवर बॅरेज आहेत. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांची ये-जा होडीवर आहे. तिसरे कारण कारागिरांचे. मशीन बसवणारा मिस्त्री, फळी घडवणारा सुतार, ब्रॅकेट करणारा लोहार आणि जुने मशीन विकणारा दुकानदार, या सर्वांचा संबंध या अर्ध्या इंचाशी येतो.

मशीनचे भाग ओळखा

१९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने आउटबोर्ड मशीन तयार केले आणि पुढे ते जगभर चालले. तेव्हापासून ढाचा तोच आहे. वर इंजिन, मधे उभा पाय, खाली गिअरची पेटी आणि तिच्या मागे पंखा.

पंख्याच्या बरोबर वर एक आडवी सपाट प्लेट असते. आपल्या सर्व हिशेबाचे मूळ ही प्लेट आहे. बाजारात तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण हे नाव चुकीचे पडले आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पंख्याच्या पात्याजवळ दाब फार कमी होऊन पाण्याचीच वाफ होणे व तिचे बुडबुडे फुटून पाते खरवडले जाणे. ही प्लेट ते थांबवू शकत नाही. तिचे काम वेगळे आहे. पंखा जोरात फिरतो तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावरील हवा खाली ओढतो. प्लेट त्या हवेला छत बनून अडवते. ही हवा पंख्यात शिरली की पंखा पाणी ढकलण्याऐवजी फेसात फिरतो.

दुसरी जागा पाणी ओढण्याची. पायाच्या खालच्या भागात जाळीदार छिद्रे असतात. तेथून पंप पाणी वर खेचतो आणि इंजिन थंड ठेवतो. या पाण्याची एक बारीक धार मशीनच्या बाजूने बाहेर पडत असते. ती धार ही मशीनची नाडी समजा. तिसरी जागा म्हणजे पायाच्या वरच्या भागातील लहान छिद्र. मशीन मंद चालताना धूर तेथून बाहेर पडतो.

खाली बसले तर काय, वर बसले तर काय

मशीन गरजेपेक्षा खाली बसले तर पायाचा जास्त भाग पाण्यात राहतो आणि पाण्याची अडवणूक वाढते. वेग दुप्पट झाला तर ही अडवणूक सुमारे चौपट होते. म्हणून हळू चालताना दोष जाणवत नाही, जोरात निघाल्यावर जाणवतो. पाण्याचे फवारे उडतात, सुकाणू जड लागते, कमाल वेग घटतो आणि तेल जास्त जाते. उथळ पाण्यात पंखा तळाला लवकर लागतो. शिवाय होडी माल भरून थांबलेली असताना वरचे धुराचे छिद्र पाण्याखाली गेले, तर पाणी इंजिनात शिरण्याचा धोका असतो.

मशीन गरजेपेक्षा वर बसले तर उलट दोष येतात. वळण घेताना किंवा लाटेवर होडी उचलली गेली की पंखा हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळते, फेरे वाढतात, पण होडी पुढे सरकत नाही. पुन्हा पाणी लागले की झटका बसतो आणि तो झटका गिअर व शाफ्टवर जातो. याहून मोठे नुकसान म्हणजे पाणी ओढण्याची छिद्रे उघडी पडणे. पंपात रबराची पंखुडी असते. ती कोरडी फिरली की थोड्या वेळात जळते, आणि त्यानंतर इंजिन तापून पिस्टन धरतो. ज्या दुरुस्तीत महिन्याची कमाई जाते ती पुष्कळदा येथून सुरू होते.

म्हणून दोन्ही टोकांच्या मध्ये जागा शोधायची. पंखा हवा ओढणार नाही इतके खाली, आणि पाय विनाकारण पाण्यात घासणार नाही इतके वर.

खरेदीआधी टेप लावा

थानातून कापड फाडण्याआधी आम्ही गज लावतो. तसेच मशीन घेण्याआधी होडीच्या मागच्या फळीला टेप लावला पाहिजे. फळीच्या मधोमध, वरच्या काठापासून खाली होडीच्या तळापर्यंत माप घ्यावे. हे माप साधारण १५ इंच (३८ सेंटिमीटर) किंवा २० इंच (५१ सेंटिमीटर) यांच्या आसपास येते. मशीनही त्याच हिशेबाने येते. आखूड पायाचे १५ इंची आणि लांब पायाचे २० इंची. मोठ्या मशीनमध्ये २५ इंची पायही मिळतो. मशीनचे माप घेताना फळीवर टेकणाऱ्या ब्रॅकेटच्या आतल्या वरच्या भागापासून त्या आडव्या प्लेटपर्यंत टेप धरावा. काही कंपन्या मॉडेलच्या नावात आखूडसाठी एस आणि लांबसाठी एल असे अक्षर देतात. पण जुने मशीन घेताना अक्षरावर विसंबू नये. पाय बदललेला असू शकतो. टेप खोटे बोलत नाही.

फळी २० इंच आणि मशीन १५ इंची, असा जोड बसला तर पंखा पाच इंच वर राहील. असा सौदा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. काही जण मशीन बसावे म्हणून फळीच वरून कापतात. हे सर्वांत धोक्याचे काम आहे. मागची फळी ठेंगणी झाली की पाठीमागून आलेली लाट सरळ होडीत शिरते. मशीनचे वजन आधीच मागे असते, त्यात पाणी भरले की होडी मागून बसते. मशीनचे दहा-वीस हजार वाचवताना माणसांचे जीव पणाला लागतात.

उलट, फळी १५ इंच आणि मशीन २० इंची असेल तर पंखा पाच इंच खोल जाईल. याला मार्ग आहे. सुताराकडून फळी मजबूत जोडाने वाढवून घेता येते, किंवा उंची कमी-जास्त करणारे लोखंडी ब्रॅकेट लावता येते. मात्र तो खर्च मशीनच्या किमतीत धरून मगच सौदा ठरवावा.

विकणाऱ्या बांधवांनाही एक सांगणे आहे. मालातला ऐब ग्राहकाला सांगून विकणे ही आपल्या दीनने दिलेली तिजारतीची शिकवण आहे. ग्राहकाच्या होडीची फळी किती इंच, हा प्रश्न न विचारता मशीन देणे म्हणजे माप न घेता सदरा शिवून देण्यासारखे आहे. मशीनमध्ये ऐब नसेल, पण जोडात असेल. तो प्रश्न विचारणारा दुकानदार एखादा सौदा गमावेल, पण गिऱ्हाईक गमावणार नाही.

बसवण्याची रीत

होडी जमिनीवर सपाट ठेवावी. खाली लाकडी ठोकळे देऊन ती हलणार नाही असे करावे. मशीन फळीच्या बरोबर मधोमध लावावे. मध्य डोळ्याने धरू नये, दोन्ही बाजूंनी टेप लावून खूण करावी. मशीन बाजूला सरकले तर होडी एका अंगाला ओढते.

मग चार-सहा फूट लांबीची सरळ पट्टी होडीच्या तळाला चिकटवून मागे प्लेटपर्यंत धरावी. ही पट्टी म्हणजे तळाची पुढे वाढवलेली रेघ. प्लेट त्या रेघेच्या किती वर किंवा किती खाली आहे ते सुतात मोजावे. लहान हलक्या होडीसाठी सुरुवातीचे माप असे की प्लेट त्या रेघेत असावी, किंवा रेघेच्या खाली एक इंचापर्यंत असावी. म्हणजे शून्य ते आठ सूत. मशीनबरोबर कंपनीची पुस्तिका असेल तर त्यातील माप आधी पाहावे आणि तेच धरावे.

तळाच्या मधून कण्याची लाकडी पट्टी मागच्या फळीपर्यंत गेलेली असेल तर रेघ त्या पट्टीच्या खालच्या काठावरून धरावी. कण्याच्या मागे पाणी फाटून फेसाळते. तो फेस पंख्यावर आला तर मशीन योग्य उंचीवर असूनही हवा ओढल्यासारखे वागते. यासाठी चांगले सुतार कण्याचे मागचे टोक हळूहळू निमुळते करतात.

उंची वाढवायची असेल तर ब्रॅकेटच्या खाली, फळीच्या वरच्या काठावर सागवानाची चार सूत जाडीची पट्टी द्यावी. पट्टी द्यावी तितके ब्रॅकेट वर जाते आणि क्लॅम्पच्या स्क्रूला पकडायला फळी कमी उरते. म्हणून स्क्रू पूर्ण लाकडावर बसले आहेत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. दोन पट्ट्यांच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त उंची लागत असेल तर फळीचेच काम करावे. शेवटचे माप ठरल्यावर मशीनला बोल्टची सोय असेल तर बोल्ट मारावेत, बोल्टच्या भोकात पाणी जाणार नाही असे भरण द्यावे, आणि मशीन होडीला साखळीने किंवा मजबूत दोरीने वेगळे बांधावे. नुसत्या क्लॅम्पवर सोडलेले मशीन हादऱ्याने सैल होते आणि पाण्यात जाते.

पाण्यावरची परीक्षा

जमिनीवरचे माप ही सुरुवात आहे. खरा निकाल पाणी देते. परीक्षा रिकाम्या होडीत घेऊ नये. रोज जितकी माणसे, जाळे, बर्फ किंवा माल असतो तितके वजन ठेवून घ्यावी, कारण वजनाने होडी बसते आणि उंचीचा हिशेब बदलतो. दोन माणसे हवीत. एक चालवणारा, दुसरा लिहिणारा. दोघांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असावे आणि मशीन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. पंख्याच्या मागे पाण्यात कोणी नसावे.

किनाऱ्यावरच्या दोन खुणा ठरवा. त्यांच्यामधले अंतर पूर्ण जोराने जाताना व परत येताना घड्याळात पाहा. जाणे-येणे दोन्ही हवे, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा फरक निघून जातो. फेरे मोजणारे लहान मीटर असेल तर फेरेही लिहा. मग दोन्ही बाजूंना वळण घ्या आणि कान देऊन ऐका. पाण्याची धार अखंड आहे का तेही पाहा.

आता मशीन चार सूत वर उचला आणि हेच सर्व पुन्हा करा. वेळ कमी लागला, वळणात पंखा सुटला नाही, धार चांगली राहिली, तर आणखी चार सूत उचला. ज्या मापावर वळणात पंखा हवा ओढू लागेल किंवा धार तुटू लागेल, तेथे थांबा आणि एक पायरी खाली या. ते तुमच्या होडीचे माप. ते फळीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, म्हणजे उद्या मशीन दुरुस्तीला काढले तरी पुन्हा शोधावे लागणार नाही.

शेवटी दोन गोष्टी तपासा. होडी पूर्ण भरून, थांबलेली असताना धुराचे वरचे छिद्र पाण्याच्या वर राहिले पाहिजे. आणि होडी चालताना प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असली पाहिजे. समांतर नसेल तर ब्रॅकेटमधील खिळीची भोके बदलून मशीनचा कोन बदलावा. मशीन आत झुकले तर होडी नाक खाली घालते, बाहेर झुकले तर नाक वर करून उड्या मारते. क्रम मात्र पाळावा. आधी उंची, मग कोन, आणि सर्वांत शेवटी पंखा. उंची व कोन बरोबर असूनही पूर्ण जोरात फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत येत नसतील, तरच पंख्याच्या पिचकडे वळावे. पिच एक इंचाने बदलली की फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने बदलतात.

समुद्र वेगळा, धरण वेगळे

एकच मशीन, एकच होडी, तरी माप प्रत्येक पाण्यात सारखे राहत नाही. कोकणच्या समुद्रात लाट होडीचे मागचे टोक उचलते आणि पंखा उघडा पाडते. तेथे शांत पाण्यात सापडलेल्या मापापेक्षा मशीन थोडे खाली ठेवणे शहाणपणाचे आहे. जड होडी, जी पाण्यावर उचलली जात नाही व पाणी कापतच चालते, तिच्यासाठीही वेगापेक्षा पंख्याची पकड महत्त्वाची असते. तिची प्लेट रेघेच्या खाली, पाण्यात चांगली बुडालेली हवी. दोन्ही टोके निमुळती असलेल्या होडीला मशीन बाजूच्या ब्रॅकेटवर लावावे लागते. होडी दुसऱ्या अंगाला कलली की ते मशीन वर येते, म्हणून तेथेही थोडे खाली धरावे.

हतनूरसारख्या धरणात गोष्ट उलटी आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि दोन्ही नद्यांचा गाळ या फुगवट्यात येतो. लाट थोडी, पण पाणी उथळ आणि गढूळ. येथे मशीन जास्त खाली ठेवले तर पंप गाळ ओढतो, रबराची पंखुडी झिजते आणि पंखा तळाला घासतो. नर्मदेच्या फुगवट्यात पाणी खोल आहे, पण पातळी ऋतूप्रमाणे बदलते आणि धक्क्याची जागा सरकत जाते. तेथे किनाऱ्याला लागताना जोर कमी करून मशीन थोडे उचलण्याची सवय हवी. मात्र उचललेल्या मशीनवर जोर देऊ नये.

लक्षण पाहा, दोष ओळखा

१) वळणात इंजिन किंचाळते, होडी रेंगाळते : मशीन वर आहे किंवा कोन बाहेर आहे.
२) सरळ जातानाही फेरे वाढतात, वेग नाही : आधी पंख्याचे रबरी बूश घसरते का पाहा, मग उंची पाहा.
३) मागे फवारे उडतात, सुकाणू जड आहे : मशीन खाली आहे.
४) पाण्याची धार मधून मधून तुटते : छिद्रे उघडी पडतात किंवा कचऱ्याने बुजली आहेत. मशीन ताबडतोब बंद करा.
५) रिकामी होडी चांगली, भरलेली मंद : माप रिकाम्या होडीवर घेतले गेले आहे.
६) कालपर्यंत ठीक, आज बिघाड : क्लॅम्प सैल होऊन मशीन सरकले आहे का ते आधी पाहा.

पैशाचा हिशेब

समजा, एक होडी तासाला तीन लिटर पेट्रोल घेते आणि रोज चार तास चालते. दिवसाला १२ लिटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० लिटर. मशीन खाली बसल्यामुळे वीस लिटरमागे फक्त एक लिटर वाया जाते असे धरू. महिन्याला १५ लिटर, आठ महिन्यांच्या हंगामात १२० लिटर. आजचा भाव लावून प्रत्येकाने आपला आकडा काढावा. त्यासमोर सागवानाच्या पट्टीची किंमत आणि अर्ध्या दिवसाची मेहनत ठेवावी. आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे नाहक उधळण, नापसंत आहे. पाण्यात फेस करून घालवलेले तेल हा इस्राफच आहे.

कारागिरांनी यात रोजी शोधावी. मशीन दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण होडीवर बसून, घड्याळ लावून, भरलेल्या वजनावर उंची ठरवून देणारे थोडे. हे वेगळे हुनर आहे आणि त्याची वेगळी मजुरी मागण्यात गैर काही नाही. शागीर्दाला स्पॅनर धरायला शिकवतो तसे टेप धरायला आणि वहीत लिहायलाही शिकवावे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. मशीन उतरवून तेल-पाणी पाहण्याचा हा काळ. या वेळी फळीचे लाकूड कुजले आहे का, बोल्टची भोके मोठी झाली आहेत का, पंपाची पंखुडी बदलायची आहे का, हे पाहून घ्यावे. मशीन पुन्हा चढवताना फळीवर लिहिलेले माप वाचावे. लिहिलेले नसेल तर पट्टी, टेप आणि चार सुतांची एक सागवानी फळकुटी घेऊन पाण्यावर जावे.